तोळाभर लाकडाची परीक्षा

विज्ञान प्रदर्शन हा शालेय वर्षातील एक नित्याचा सोपस्कार होऊन बसला आहे. १९७१ पासून मुलांची विज्ञान प्रदर्शने राष्ट्रीय पातळीवर भरू लागली आणि तालुका, जिल्हा, राज्य अशी त्यांची चढती भाजणी तयार झाली. १९७६ च्या ४२ व्या घटनादुरुस्तीने वैज्ञानिक दृष्टिकोनाची जोपासना हे नागरिकाचे मूलभूत कर्तव्य ठरविले. परंतु प्रदर्शनाच्या मांडवात शिरल्यावर बहुधा दिसते काय? बाजारातून आणलेली छोटी मोटार, रंगविलेला पुठ्ठा, छापून घेतलेला फलक आणि पाठ केलेले निवेदन. ज्याच्या पालकाचा खिसा जड, त्याचे उपकरण देखणे. विचार कोणाचा आणि हात कोणाचे, हे विचारण्यास परीक्षकाला सवड नसते. वैज्ञानिक दृष्टिकोनाच्या नावाने क्रयशक्तीचा गौरव होतो आणि तो कोणाला खटकतही नाही.

यवतमाळ जिल्ह्यातील मारेगावसारख्या तालुक्यात या विसंगतीला अधिकच धार येते. काळ्या जमिनीतला कापूस, सागाचे रान, शेजारी वणीच्या कोळशाच्या खाणी आणि रानालगत वसलेले कोलामांचे पोड, असा हा मुलूख. तालुक्यातील काही गावे घटनेच्या पाचव्या अनुसूचीखालील क्षेत्रात मोडतात. कातकरी व माडिया गोंड यांच्यासमवेत कोलामांची गणना राज्यातील अतिअसुरक्षित आदिवासी समूहांत होते. बांबूच्या टोपल्या आणि तट्टे विणणे ही या समाजाची पिढीजात विद्या. मात्र पोडावरचे मूल प्रदर्शनात येते तेव्हा ही विद्या त्याने मांडवाबाहेर ठेवून यावी, अशीच अपेक्षा असते.

या परिस्थितीवर एक साधा, अल्पखर्ची आणि पुरेपूर शास्त्रीय उपाय उपलब्ध आहे. तो म्हणजे हलक्या लाकडी रचनांची स्पर्धा. अमेरिकेत १९८५ पासून राष्ट्रीय पातळीवर भरणाऱ्या सायन्स ऑलिम्पियाडमध्ये पूल, मनोरा किंवा भिंतीतून पुढे आलेला बाहू अशी रचना विद्यार्थ्यांनी लाकडाच्या काड्यांची करावयाची असते. रचनेखाली बादली टांगून तीत वाळू ओततात. पेललेल्या भाराला रचनेच्या वजनाने भागले की गुण निघतात. पंचवीस ग्रॅमच्या मनोऱ्याने दहा किलो वाळू पेलली तर गुणांक चारशे. पन्नास ग्रॅमच्या मनोऱ्याने पंधरा किलो पेलली तरी गुणांक तीनशेच. अधिक सामान ओतणाऱ्याचा येथे विजय होत नाही. वाळूला आडनाव ठाऊक नसते, शाळेची इमारत ठाऊक नसते आणि इंग्रजीतील निवेदनाने ती प्रभावित होत नाही.

अशा रचनेतून जे शिक्षण घडते ते पाठ्यपुस्तकाच्या दहा पानांतून घडत नाही. चार काड्यांचा चौकोन सांध्यांवर दाबला की कलतो, त्रिकोण कलत नाही. घराच्या कैचीत आणि पुलाच्या सांगाड्यात त्रिकोण का असतात हे मुलाच्या बोटांना कळते. ताणली जाणारी काडी बारीक असली तरी चालते, दाबली जाणारी काडी मात्र तुटण्यापूर्वी वाकते. या वाकण्याचे गणित ऑयलरने अठराव्या शतकात मांडले: काडीची आधाराविना लांबी निम्मी केली की तिची भारक्षमता चौपट होते. म्हणजे मधोमध बांधलेली एक आडवी काडी दुप्पट जाड खांबापेक्षा शहाणपणाची ठरू शकते. बांबू पोकळ असूनही ताठ का, याचेही उत्तर येथेच मिळते. त्याचे द्रव्य मध्यापासून दूर, कडेला एकवटलेले असते आणि गाठींचे पडदे ती नळी चेपू देत नाहीत. कमचीची पाठ पोटापेक्षा चिवट असते, हे टोपली विणणाऱ्या कोलाम बाईला अथवा बुरुडाला कोणी सांगावे लागत नाही. शाळेने त्या जाणिवेला माप आणि सूत्र द्यावयाचे असते, इतकेच.

हा विचार परका नाही. मध्य प्रदेशात १९७२ मध्ये सुरू झालेल्या होशंगाबाद विज्ञान शिक्षण कार्यक्रमातून प्रेरणा घेऊन अरविंद गुप्ता यांनी काडेपेटीच्या काड्या आणि सायकलच्या व्हॉल्व्ह ट्यूबचे तुकडे यांतून भूमितीचे सांगाडे उभे केले. पुढे पुण्याच्या आयुकातील बालविज्ञान केंद्रातून त्यांनी हजारो मुलांच्या हाती हे विज्ञान दिले. होशंगाबादचा तो कार्यक्रम मात्र राज्य शासनाने २००२ मध्ये बंद केला. गरिबाच्या शाळेतील प्रयोगशीलतेला शासनाचा आश्रय किती टिकाऊ असतो, याचा हा धडा आहे.

सामान कोणते, हा प्रश्न गौण नव्हे. परदेशी स्पर्धांत बाल्सा हे मुख्यतः इक्वेडोरहून येणारे अतिशय हलके लाकूड वापरतात. मारेगावात ते मागविणे म्हणजे जुनीच विषमता नव्या वेष्टनात आणणे होय. येथे तुराट्या आहेत, पऱ्हाट्या आहेत. कुडाच्या भिंतीला लागणारी आणि उरली की चुलीत जाणारी ही काटकी हलकी असते आणि फुकट मिळते. शिवाय बांबू आहे. अमेरिकी स्पर्धेचे नियम बांबूला गवत मानून लाकडातून वगळतात. भारतात १९२७ च्या वन कायद्याने त्याच गवताला वृक्ष ठरविले आणि खासगी जमिनीवरील बांबू त्या व्याख्येतून सुटण्यास २०१७ साल उजाडावे लागले. २००६ च्या वनहक्क कायद्याने बांबूला गौण वनोपज मानून त्यावर वनवासीयांचा हक्क मान्य केला, तरी गडचिरोलीतील मेंढा-लेखा गावाच्या हाती वाहतुकीचा परवाना २०११ मध्ये, तोही दीर्घ झगड्यानंतर आला. बांबूची एक कमची हाती घेतली की वनस्पतिशास्त्र, स्थापत्य आणि नागरिकशास्त्र हे तिन्ही विषय एकाच तासात शिकविता येतात.

या सूचनेवर एक गंभीर आक्षेप संभवतो आणि पुरोगामी कार्यकर्त्याने तो टाळू नये. आदिवासीच्या मुलाला पुन्हा बांबूच हाती देणे म्हणजे जातिव्यवसायाची बेडी घट्ट करणे नव्हे काय? ही शंका निराधार नाही. १९५३ मध्ये मद्रास राज्यात राजगोपालाचारींनी अर्धा दिवस शाळा आणि अर्धा दिवस वडिलांचा धंदा अशी योजना आणली. पेरियारांनी तिला वंशपरंपरागत शिक्षण ठरवून झोडपले आणि १९५४ मध्ये ती मागे घ्यावी लागली. ते योग्यच झाले. परंतु १९३७ मध्ये शेजारच्या वर्ध्याला मांडली गेलेली नई तालीमची कल्पना वेगळी होती. तीत हस्तोद्योग हा सर्वच मुलांच्या शिक्षणाचे माध्यम होता. कसोटी हीच की व्यापाऱ्याचा मुलगा आणि शिक्षकाची मुलगीही कमची तासते काय, आणि कोलामाची मुलगी भागाकार करून आलेख काढते काय? दोन्ही होत असेल तर ते समतेचे शिक्षण; एकच होत असेल तर ती जुनीच वर्णव्यवस्था.

दुसरा आक्षेप स्पर्धेवरच. परंतु गट एकेकाचा न करता मिश्र केला, मोडलेल्या प्रत्येक रचनेची नोंद ठेवली, ती कोठे मोडली हे सर्वांसमोर तपासले, तर स्पर्धेचे रूपांतर सहविचारात होते. बहुतेक रचना सांध्याशी तुटतात. समाजही बहुधा तेथेच तुटतो.

आता करावयाचे काय? तालुक्यातील कार्यकर्त्यांनी पंचायत समितीच्या शिक्षण विभागाकडे तालुका प्रदर्शनात या स्पर्धेसाठी स्वतंत्र विभाग मागावा. सामान तालुक्यातीलच असावे, रचना शाळेतच बांधली जावी आणि भाराची चाचणी उघड्यावर व्हावी, हे नियम आग्रहाने करून घ्यावेत. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात सहावी ते आठवीच्या मुलांसाठी दप्तराविना दहा दिवस स्थानिक कारागिरांकडे शिकण्याची तरतूद आहे. त्या दिवसांत सुतार, बुरूड आणि कोलाम कारागिरांना शाळेत मानधन देऊन, गुरुजी म्हणून बोलवावे. एक बादली, थोडी वाळू, किराणा दुकानातला काटा आणि सोनाराचा तराजू, एवढ्यावर ही प्रयोगशाळा उभी राहते.

हे सर्व अर्थात शाळा उरली तरच. वीसपेक्षा कमी पटाच्या शाळा समूह शाळांत विलीन करण्याचा प्रस्ताव राज्याच्या शिक्षण विभागाने २०२३ मध्ये पुढे आणला. पोडावरील शाळेचा पट कमीच असणार. कमी वजनाची रचना अधिक भार पेलू शकते, हे काड्यांनी सिद्ध करून दाखविता येते. लहान शाळेविषयी हीच गोष्ट शासनाला पटवून देण्याचे काम मात्र काड्यांवर सोडून भागणार नाही. ते कार्यकर्त्यांनाच करावे लागेल.