करंट कुठूनही आणाल, शब्द कुठून आणाल?

डोक्याला दोन इलेक्ट्रोड लावा, वीस मिनिटं हलका करंट सोडा, आजीचे हरवलेले शब्द परत येतील. असं काही ऐकलं की आम्हा इंजिनिअर लोकांचे डोळे चमकतात. मला मात्र राग येतो. करंटचा नाही, त्याच्या झगमगाटात जे झाकलं जातं त्याचा.

आधी तंत्र बघू. टीडीसीएस नावाच्या या पद्धतीत कवटी उघडत नाहीत. मिठाच्या पाण्यात भिजवलेल्या स्पंजमधून साधारण १ ते २ मिलिअँपिअर प्रवाह सोडतात. हा प्रवाह मेंदूच्या पेशींकडून काम करून घेत नाही, फक्त त्यांना कामासाठी थोडं तयार करतो. म्हणून त्या वीस मिनिटांत माणूस काय करतोय, यावर बरंच अवलंबून असतं. सर्किट म्हणाल तर ९ व्होल्टची बॅटरी आणि प्रवाह स्थिर ठेवणारी व्यवस्था. लोक घरीच जुगाड करायला लागले, तेव्हा २०१६ मध्ये संशोधकांना खुलं पत्र लिहून सावध करावं लागलं.

पुरावा आहे का? आहे. अमेरिकेतल्या जॉन्स हॉपकिन्समध्ये किराना त्सापकिनी यांच्या गटाने २०१८ मध्ये ३६ रुग्णांवरचा अभ्यास प्रसिद्ध केला. हे रुग्ण साध्या विसराळूपणाचे नव्हते. ज्यात भाषाच आधी ढासळते, अशा दुर्मीळ स्मृतिभ्रंशाचे होते. करंट कधी खरा होता, कधी नुसता आभास. पण चित्र बघून नाव सांगायचा आणि लिहायचा सराव दोन्ही वेळा होता. नुसत्या सरावानेही सरावातले शब्द सुधारले. करंटची जोड मिळाली तेव्हा जास्त सुधारले आणि दोन महिने टिकले. तेही या आजाराच्या सगळ्या प्रकारांत सारखं नाही.

म्हणजे करंट ही फोडणी आहे. डाळच शिजवली नसेल, तर फोडणी कशावर घालणार?

आणि मराठीत डाळ शिजलेली नाही. नावं सांगण्याची जगप्रसिद्ध बोस्टन चाचणी ६० चित्रांची. त्यात बीव्हर आहे, इग्लू आहे, प्रेट्झेल आहे. नेहरूनगरच्या आजीला प्रेट्झेल ओळखता आला नाही, तर आजार तिच्या मेंदूत की आपल्या चाचणीत? तिला विळी दाखवा, किसणी दाखवा. गरम पातेलं उचलायच्या वस्तूला ती 'सांडशी' म्हणेल, शेजारीण 'पक्कड'. दोन्ही बरोबर, हे चाचणीला आधी माहीत हवं. कुर्ल्यात तर एकाच जिन्यावर मराठी, दखनी, कोकणी, गुजराती ऐकू येते. आयसीएमआरने भारतीय भाषांसाठी चाचणीसंच केला, २०२० मध्ये त्याचे निष्कर्ष आले. भाषा पाच: हिंदी, बंगाली, तेलुगू, कन्नड, मल्याळम. मराठी नाही.

'मग अ‍ॅप बनवू,' असं माझे मित्र लगेच म्हणतात. बनवा. पण त्यात घालायचे शब्द कुठून आणणार? इंग्रजी यादी भाषांतरित करून? त्यापेक्षा आपल्या घरांतल्या वस्तूंची चित्रं, प्रत्येकीची बोलीभाषेतली सगळी नावं, सगळ्यांना फुकट आणि खुली, एवढं तरी आधी करू. हे काम कंटाळवाणं आहे, त्यावर कुणी स्टार्टअप काढणार नाही. म्हणूनच ते सरकारने आणि विद्यापीठांनी करायला हवं.

दुसरी मागणी माणसांची. वांद्रे रिक्लेमेशनला अली यावर जंग ही वाचा आणि श्रवणाची राष्ट्रीय संस्था आहे, १९८३ पासून. पण कुर्ल्याहून तिथवर रोज जायचं कसं? गोंधळलेल्या म्हाताऱ्या माणसाला पंधरा दिवस रोज कोण नेणार? हा सराव कुर्ल्याच्या भाभा रुग्णालयात, पालिकेच्या दरात, स्पीच थेरपिस्टसमोर बसून मिळायला हवा.

२०२३ मधल्या अंदाजानुसार देशात साठीपुढच्या ८८ लाख लोकांना स्मृतिभ्रंश आहे. त्यांच्या पोरांना हेडसेट विकणं सोपं आहे. विकणाऱ्याला एकच प्रश्न विचारा: करंट चालू असताना आमची आजी कोणते शब्द म्हणणार आहे, आणि ते मराठीत आहेत का? उत्तर नसेल, तर खिशातून पाकीट काढू नका.