पेटीतल्या बाळाला दूध कुठलं? परभणीत हा प्रश्न का विचारायला हवा

कमी दिवसांचं बाळ जन्मलं की घरचे दोन गोष्टी विचारतात: वजन किती आणि पेटीत किती दिवस? तिसरा प्रश्न राहून जातो: दूध कुठलं देताय?

आजार काय आहे?

नाव अवघड आहे: नेक्रोटायझिंग एंटेरोकोलायटिस, थोडक्यात एनईसी. यात बाळाच्या आतड्याला सूज येते आणि काही भाग अक्षरशः सडतो. दीड किलोपेक्षा कमी वजनाच्या बाळांना धोका सर्वाधिक. अनेकदा दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात, बाळ सावरतंय असं वाटत असतानाच तो गाठतो. पोट फुगणं, हिरवी उलटी, शीतून रक्त ही धोक्याची लक्षणं.

आतडं मोठ्यांचंही सडतं, पण तिथे बहुतेकदा रक्तपुरवठा तुटलेला असतो, उदाहरणार्थ गुठळीमुळे. पोट असह्य दुखतं आणि हाताशी काही तासच असतात. बाळांमध्ये मात्र आतडं कच्चं असतं, जंतूंचं संतुलन बिघडतं आणि वरचं दूध धोका वाढवतं.

मग उपाय?

आईचं दूध. ते नसेल तर दुसऱ्या आईचं दान केलेलं दूध. त्याच्या तुलनेत पावडरच्या दुधावर एनईसीचा धोका जवळपास दुप्पट असतो. आशियातली पहिली मानवी दूध बँक मुंबईच्या सायन हॉस्पिटलमध्ये १९८९ साली डॉ. आर्मिडा फर्नांडिस यांनी सुरू केली. दान आलेलं दूध ६२.५ अंश सेल्सिअसवर ३० मिनिटं तापवून जंतुमुक्त करतात. हे दूध विकता येत नाही, असं एफएसएसएआयने मे २०२४ मध्ये बजावलंय.

परभणीचा संबंध काय?

आतड्याला छिद्र पडलं तर शस्त्रक्रिया लागते. त्यासाठी किलोभराचं बाळ छत्रपती संभाजीनगरला न्यायचं म्हटलं तर अंतर सुमारे २०० किलोमीटर. म्हणून आजार टाळणं हाच खरा उपचार. मोठ्या सरकारी रुग्णालयांत दूध संकलन केंद्रं उभारण्याची मार्गदर्शक तत्त्वं केंद्राने २०१७ मध्येच आणली. परभणीत २०२३ पासून शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे. तेव्हा दूध बँकेची मागणी इथल्या लोकांनी हक्काने करावी.

घरच्यांनी काय करायचं?

बाळ चोखत नसलं तरी पहिल्या काही तासांतच आईचं दूध काढायला सुरुवात करा, दिवसातून आठेक वेळा. चार थेंब चीकही नळीने देता येतो. मध, घुटी, गाईचं दूध अजिबात नको. आणि डॉक्टरांना तो तिसरा प्रश्न नक्की विचारा.