विश्लेषण : मानसशास्त्राची पदवी नसलेले समुपदेशक नैराश्यावर उपचार करू शकतात? गोव्यातील संशोधन काय सांगते?

देशात दर लाख लोकसंख्येमागे एकही मानसोपचारतज्ज्ञ नाही. हे प्रमाण ०.७५ इतकेच आहे. अशा वेळी गावातल्या नैराश्यग्रस्ताने जायचे कुठे? गोव्यातील प्राथमिक आरोग्य केंद्रांत झालेल्या एका चाचणीने या प्रश्नाचे ठोस उत्तर दिले आहे.

उपचारांअभावी किती रुग्ण?

बंगळूरुच्या ‘निम्हान्स’ने केलेल्या २०१५-१६च्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणानुसार, नैराश्य आणि चिंताविकार यांसारख्या सामान्य मानसिक आजारांच्या सुमारे ८५ टक्के रुग्णांना उपचारच मिळत नाहीत. तज्ज्ञांचा तुटवडा हे त्याचे एक कारण, तर ‘लोक काय म्हणतील’ ही भीती दुसरे.

गोव्यात काय केले?

‘संगत’ ही संस्था गोव्यात १९९६ पासून कार्यरत आहे. डॉ. विक्रम पटेल आणि सहकाऱ्यांनी १० प्राथमिक आरोग्य केंद्रांतील, तीव्र नैराश्य असलेल्या ४९५ प्रौढांचे दोन गट केले. दोन्ही गटांना केंद्रातील नेहमीचे उपचार मिळाले. एका गटाला त्याशिवाय सहा ते आठ समुपदेशन सत्रे मिळाली. ती घेणारे समुपदेशक सर्वसामान्य स्थानिक होते. त्यांना या कामाचा पूर्वानुभव नव्हता. या चाचणीसाठीच त्यांना प्रशिक्षण देण्यात आले.

हे समुपदेशन कसे चालते?

नैराश्यात कशातच रस वाटत नाही, म्हणून माणूस कामे टाळतो, भेटीगाठी थांबवतो. त्यातून मिळणारे समाधानही थांबते आणि मन आणखी खचते. हे चक्र कृतीच्या बाजूने तोडायचे, हा ‘बिहेविअरल अ‍ॅक्टिव्हेशन’ या पद्धतीचा गाभा. मन लागेल तेव्हा काम करू, असे म्हणत थांबायचे नाही. छोट्या कामापासून सुरुवात करायची. मैत्रिणीला फोन, बाजारापर्यंत फेरी, अर्धवट राहिलेले शिवणकाम यांपैकी काय जमेल, हे रुग्ण आणि समुपदेशक मिळून ठरवतात. काय जमले, काय अडले, याचा पुढच्या सत्रात आढावा घेतला जातो.

निष्कर्ष काय?

तीन महिन्यांनी समुपदेशन मिळालेल्या गटातील ६४ टक्के रुग्ण नैराश्यातून बाहेर आले होते. दुसऱ्या गटात हे प्रमाण ३९ टक्के होते. ‘द लॅन्सेट’ने हे निष्कर्ष प्रसिद्ध केले. वर्षभरानंतरच्या पाहणीतही फायदा टिकून असल्याचे दिसले.

मर्यादा कोणत्या?

पहिल्या गटातही तिघांपैकी एकाहून अधिक जण बरे झाले नाहीत. आत्महत्येचे विचार, भास किंवा बायपोलर आजार असल्यास डॉक्टरांना पर्याय नाही. शिवाय ‘उठ, कामाला लाग’ असा घरच्यांचा उपदेश म्हणजे हा उपचार नव्हे. इथे प्रशिक्षित व्यक्ती आठवड्यामागून आठवडे सोबत करते आणि तिच्या सत्रांची गुणवत्ताही तपासली जाते.

पुढे काय?

ऑक्टोबर २०२२ पासून १४४१६ या क्रमांकावर ‘टेलि-मानस’ ही मोफत सेवा चोवीस तास मिळते. तिथे मराठीतही बोलता येते. पहिल्या मदतीसाठी ती मोलाची आहे. पण दर आठवड्याला समोर बसून ऐकणारा माणूस आरोग्य केंद्रातच हवा. हे काम आधीच कामाच्या ओझ्याखाली असलेल्या आशा सेविकांवर विनामोबदला ढकलले, तर गोव्यातील आकडे इतरत्र दिसणार नाहीत. उपचार स्वस्त आहे, फुकट नाही.