संगीत नाटकाचा प्रेक्षक म्हातारा का झाला? (थ्रेड)

आज ‘सौभद्र’ किंवा ‘मानापमान’चा प्रयोग लागला, की प्रेक्षागृहात पांढऱ्या केसांचीच गर्दी दिसते. मध्यंतरात चहाच्या रांगेत ठरलेला निष्कर्षही ऐकू येतो : नव्या पिढीला अभिरुची नाही, मोबाईलने वाटोळे केले. हा निष्कर्ष सोयीचा आहे, पण इतिहासाचा त्याला आधार नाही.

संगीत नाटक मुळात तरुणांनी उभे केले. ३१ ऑक्टोबर १८८० रोजी पुण्यात ‘शाकुंतल’ रंगभूमीवर आले, तेव्हा अण्णासाहेब किर्लोस्कर अवघे सदतीस वर्षांचे होते. नारायण राजहंस, म्हणजे पुढचे बालगंधर्व, १९०५ मध्ये किर्लोस्कर मंडळीत आले ते सतराव्या वर्षी. केशवराव भोसले यांनी ‘ललितकलादर्श’ काढली १९०८ साली आणि दीनानाथ मंगेशकर यांची ‘बळवंत’ उभी राहिली १९१८ साली. दोघांनीही तेव्हा विशी ओलांडलेली नव्हती. टिळक स्वराज्य फंडासाठी ८ जुलै १९२१ रोजी मुंबईत जो ‘संयुक्त मानापमान’ झाला आणि ज्याची आठवण आजही काढली जाते, त्यातले दोन्ही प्रमुख नट पस्तिशीच्या आतले होते. केशवराव तर त्यानंतर तीन महिन्यांत गेलेच.

विषयही जुनेपुराणे नव्हते. देवलांचे ‘शारदा’ (१८९९) जरठ-बालाविवाहावर बोट ठेवते. लग्नासाठी हपापलेला म्हातारा भुजंगनाथ त्यात हास्यास्पद ठरतो, ही गोष्ट आजच्या प्रेक्षागृहाकडे पाहता थोडी गमतीची वाटावी. (१९२९ चा ‘सारडा कायदा’ हरविलास सारडा यांच्या नावाने ओळखला जातो, नाटकाशी त्याचे नामसाम्य हा योगायोग.) खाडिलकरांचे गद्य ‘कीचकवध’ सरकारने १९१० मध्ये बंद पाडले, आणि त्याच खाडिलकरांनी लगेच पुढच्या वर्षी ‘मानापमान’ दिले. नाटककार आणि प्रेक्षक एकाच वर्तमानात जगत होते.

मग तरुण गेले कुठे? पहिले उत्तर सर्वांना ठाऊक आहे : बोलपट. मात्र त्यातला एक तपशील सहसा सांगितला जात नाही. ‘मानापमान’च्या चाली देणारे गोविंदराव टेंबे हेच १९३२ च्या ‘अयोध्येचा राजा’चे संगीतकार आणि नायकही होते. म्हणजे तरुण प्रेक्षकाने गाणे सोडले नाही. गाणेच पडद्यावर गेले, त्याच्या मागोमाग तोही गेला. तिकीट स्वस्त, खेळ आटोपशीर. पहाटेपर्यंत चालणाऱ्या प्रयोगाला तिथे तोंड देणे अवघड होते.

पण आज खुर्च्यांवर बसलेले वृद्ध या घटनेनंतर मागे उरलेले प्रेक्षक नव्हेत. साधे गणित करून पाहावे. १९२१ मध्ये जो वीस वर्षांचा होता, तो आज हयात असणे शक्य नाही. आज सत्तरी-ऐंशीत असलेल्या माणसाची विशी १९६० च्या दशकाच्या मध्यापासून पुढे पडते. आणि त्याच दशकात काय घडले? ‘पंडितराज जगन्नाथ’ (१९६०), ‘मंदारमाला’ (१९६३), ‘मत्स्यगंधा’ (१९६४), ‘ययाति आणि देवयानी’ (१९६६), ‘कट्यार काळजात घुसली’ (१९६७). गोव्याच्या मंगेशीचे जितेंद्र अभिषेकी ‘मत्स्यगंधा’ला संगीत देताना पस्तिशीत होते. आजचा ‘म्हातारा प्रेक्षक’ हा बालगंधर्वांचा नसून ‘कट्यार’चा तरुण प्रेक्षक आहे, फक्त साठ वर्षांनी मोठा झालेला. तो वाडवडिलांच्या आठवणीपोटी येत नाही. आपल्या विशीतल्या नव्या गाण्यांसाठी येतो.

तेव्हा प्रेक्षकांचे वय ही अभिरुचीची मोजपट्टी नव्हे. शेवटची मोठी नवी नाटके कधी आली, याची ती तारीख आहे.

यावर कोणी म्हणेल, १९७० नंतरच्या तरुणांना संगीत नकोच होते. तसेही नाही. ‘घाशीराम कोतवाल’ १९७२ चे. दिग्दर्शक जब्बार पटेल तिशीचे, संगीत भास्कर चंदावरकरांचे, आणि नाटक आरंभापासून अखेरपर्यंत गाण्यानाचण्यावर तोललेले. कीर्तन, लावणी, दशावतारी वळणाचा खेळ, सारे त्यात आहे. तरीही त्याला कोणी ‘संगीत नाटक’ म्हटले नाही, कारण तोपर्यंत या शब्दाचा अर्थ गोठला होता : नांदी, शालू-शेला, ठरावीक पदे, ठरावीक जागी वन्समोअर. गाण्याला नवे घर मिळाले, जुन्या घरावर मात्र जुनीच पाटी राहिली.

त्यानंतर संगीत नाटकाचा ‘वारसा’ झाला. नव्या संहिता अगदीच थांबल्या असे नाही, पण जोर जुन्याच नाटकांच्या पुनरुज्जीवनावर आणि नाट्यगीतांच्या मैफलींवर आला. वारसा जपणे वाईट नाही. परंतु जपणुकीच्या नादात तरुणाच्या वाट्याला एकच काम उरते : आदराने बसून ऐकणे. किर्लोस्करांच्या प्रेक्षकाकडून आदराची अपेक्षा कोणी केली नव्हती. त्याच्यापुढे नवे नाटक ठेवले होते.

तिकिटाचे दर, शहराबाहेर गेलेली वस्ती, रात्री परतण्याची वाहने, या अडचणी खऱ्या आहेत. पण १९६३ पासून चालत आलेल्या पुरुषोत्तम करंडकाला पुण्याचे भरत नाट्यमंदिर महाविद्यालयीन मुलांनी दणाणून जाते, तेव्हा या अडचणी त्यांना अडवत नाहीत. तिथे रंगमंचावर त्यांचेच मित्र असतात आणि संहिता त्याच वर्षीची असते.

२०१७ मध्ये प्राजक्त देशमुख यांचे ‘देवबाभळी’ आले, नावापुढे उघडपणे ‘संगीत’ लावून. पात्रे दोनच : रखुमाई आणि तुकोबांची आवली. अभंग परंपरेतला विषय, पण त्या दोघींचे बोलणे आजच्या कानांना परके नाही. या संहितेला साहित्य अकादमीचा युवा पुरस्कार मिळाला, जो पस्तिशीपर्यंतच्या लेखकांसाठी असतो. ‘कट्यार’ आणि ‘देवबाभळी’ यांच्यामध्ये बरोबर पन्नास वर्षे आहेत, आणि तरुण प्रेक्षकाचा शोध घ्यायचा तर तो त्या पन्नास वर्षांत घ्यावा लागतो.