पहिले पाऊल पाहायला कोण असते?

घरात मूल जन्माला आले की त्या घराचे पंचांगच बदलते. सणवार, पगाराची तारीख, पाहुण्यांची ये-जा हे सारे मागे पडते आणि कालगणना मुलाच्या हिशेबाने सुरू होते. मान धरली, कुशीवर वळले, पालथे पडले, बसू लागले, पहिला दात दिसला, धरून उभे राहिले आणि एके दिवशी कशाचाही आधार न घेता दोन पावले टाकून मटकन खाली बसले. त्या घरापुरत्या या घटना राज्याभिषेकाइतक्या मोठ्या असतात. मराठी समाजाने तर यांतील कित्येक टप्प्यांना विधीचे रूप दिले. बाराव्या दिवशी बारसे, सहाव्या महिन्याच्या सुमारास उष्टावण, पुढे जावळ, संक्रांतीच्या दिवसांत बोरन्हाण. या प्रत्येक प्रसंगी नात्यागोत्यातील आणि शेजारपाजारची माणसे जमत. त्यात हौस होती, तसे व्यवहारी शहाणपणही होते. दहा जाणत्या बायकांच्या मांडीवरून फिरून आलेले मूल टाळी वाजवली तरी दचकत नाही, निरांजनाच्या ज्योतीमागे त्याची नजर फिरत नाही, ही गोष्ट त्यांतील एखादीच्या तरी ध्यानात येण्याचा संभव असे. समारंभाच्या निमित्ताने मुलाची तपासणीही होऊन जाई.

हे विधी आजही होतात. किंबहुना पूर्वीपेक्षा अधिक थाटाने होतात. परंतु समारंभ वर्षातून दोन-चार दिवसांचा आणि मूल वाढते ते रोज. दोन समारंभांच्या मधल्या त्या लांबलचक दिवसांत मुलाजवळ कोण असते, हा आजचा खरा प्रश्न आहे. आई कामावर, बाप कामावर, आजी-आजोबा दुसऱ्या गावी, अशा घरात मुलाचे पहिले पाऊल कोणाच्या डोळ्यांदेखत पडते? आणि जिथे आईच्या मजुरीवाचून चूलच पेटत नाही, तिथे ते पाहायला कोणी असते तरी काय? मुलांच्या संगोपनाविषयी आपल्याकडे उपदेशाचा महापूर आहे. मूल सांभाळण्यास माणूस कोठून आणावा, या साध्या प्रश्नावर मात्र सार्वत्रिक मौन आहे.

शर्यत आणि मुदत

मुलाच्या प्रगतीबद्दल सुशिक्षित घरांतून दिसणारी चिंता बहुतांशी अनाठायी असते, हे प्रथम सांगितले पाहिजे. शेजारचा मुलगा दहाव्या महिन्यात चालला आणि आपली मुलगी तेराव्या महिन्यातही भिंत धरूनच आहे, म्हणून कित्येक आयांची झोप उडते. जागतिक आरोग्य संघटनेने २००६ मध्ये प्रसिद्ध केलेले निष्कर्ष या बाबतीत बोलके आहेत. भारतासह पाच देशांतील निरोगी मुलांच्या निरीक्षणावरून असे दिसून आले, की आधाराशिवाय बसण्याचा काळ साधारण चौथ्या महिन्यापासून नवव्या महिन्यापर्यंत पसरलेला असतो. स्वतंत्रपणे चालण्याचा काळ तर आठव्या महिन्यापासून साडेसतराव्या महिन्यापर्यंतचा आहे. शेकडा चार मुले हातागुडघ्यांवर रांगतच नाहीत आणि तरीही यथावकाश चालू लागतात. मुलाची वाढ ही काही आगगाडी नव्हे, की अमुक स्थानकात अमुक मिनिटाला तिने शिरलेच पाहिजे. जुना पांगुळगाडा काय किंवा आजचा रंगीबेरंगी प्लॅस्टिकचा वॉकर काय, निसर्गाला घाई करायला लावण्याचे हे उद्योग मुलापेक्षा पालकांच्याच समाधानासाठी चालतात.

तथापि याच निष्कर्षांची दुसरी बाजू तितकीच महत्त्वाची आहे. मुदत मोठी असली तरी अमर्याद नाही. दीड वर्ष उलटूनही मूल चालत नसेल, नावाने हाक मारल्यावर वळून पाहत नसेल, बोबडे बोल उमटतच नसतील, तर ते वेळीच कोणाच्या तरी लक्षात यावे लागते. ऐकू न येणाऱ्या मुलावर पहिल्या वर्षात उपचार सुरू होणे आणि चौथ्या वर्षी ते ‘मंद’ आहे असे ठरवून मोकळे होणे, यात त्या मुलाच्या साऱ्या आयुष्याचे अंतर आहे. शासनालाही हे ठाऊक आहे. म्हणूनच माता-बाल संरक्षण कार्डावर वाढीचे टप्पे छापले गेले. २०१३ च्या फेब्रुवारीत राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचा प्रारंभ झाला, तो आपल्याच पालघरमधून. जन्मजात व्यंगे आणि आजार यांच्या जोडीला विकासातील विलंब शोधणे हेही त्या कार्यक्रमाचे उद्दिष्ट आहे. परंतु अंगणवाडीत वर्षातून दोनदा येणारे आरोग्य पथक मुलाला काही मिनिटेच पाहू शकते. परक्या माणसाला पाहून रडणारे मूल एरवी काय बोलते, कसे उठते, कोणत्या हाताने वाटी धरते, हे त्या पथकाला कोणी तरी सांगावे लागते. जो दिवसभर मुलाजवळ असतो तोच हे सांगू शकतो. कार्डावर टप्पे छापून झाले. ते पाहणाऱ्या डोळ्यांची तजवीज मात्र राहून गेली.

सहा महिने ते तीन वर्षे

कायद्यांचा हिशेब मांडला तर ही उणीव नेमकी कोठे आहे ते कळते. २०१७ च्या दुरुस्तीने प्रसूती रजा बारा आठवड्यांवरून सव्वीस आठवड्यांवर गेली. २०२० च्या सामाजिक सुरक्षा संहितेतही ती कायम राहिली. सव्वीस आठवडे म्हणजे सहा महिने. दुसऱ्या टोकाला अंगणवाडी मुलाला रोज बसवून घेते ते तिसऱ्या वर्षापासून, आणि तेही काही तासांपुरते. त्याहून लहान मुलांसाठी घरी न्यायचा शिधा आणि वजनाची नोंद एवढीच तिची व्यवस्था. म्हणजे सहा महिन्यांपासून तीन वर्षांपर्यंतचा काळ बहुतांश मुलांच्या बाबतीत मोकळा सोडलेला आहे. बसणे, उभे राहणे, चालणे, पहिला शब्द, वरच्या अन्नाची सवय हे सारे याच अडीच वर्षांत घडते. कुपोषणाचा विळखा बसतो तोही याच काळात. कारण आईच्या दुधाखेरीज दिवसातून चार-पाच वेळा थोडे थोडे भरवण्यास कोणी तरी जवळ बसावे लागते.

सव्वीस आठवड्यांची रजा तरी किती जणींना मिळते? शेतात, बांधकामावर, घरकामात राबणाऱ्या स्त्रिया या देशात कामकरी स्त्रियांमध्ये बहुसंख्य आहेत आणि त्यांच्यापर्यंत ही रजा पोहोचतच नाही. मातृवंदना योजनेतून पहिल्या अपत्यासाठी मिळणारे पाच हजार रुपये नाकारण्याजोगे नाहीत, पण त्यांवर कोणतीही मजूर स्त्री सहा महिने घरी बसू शकणार नाही.

महाराष्ट्रातील ऊसतोडणी हे याचे सर्वांत ठसठशीत उदाहरण होय. बीडसारख्या जिल्ह्यांतून दरवर्षी दिवाळीच्या सुमारास लाखो माणसे साखर कारखान्यांकडे निघतात. तेथे नवरा-बायको मिळून एक ‘कोयता’ धरला जातो. उचल कोयत्यावर आणि हिशेबही कोयत्यावर. या हिशेबात मुलाला जागा नाही. पहाटेच्या थंडीत मूल फडाच्या कडेला झोळीत पडून राहते किंवा आठ-नऊ वर्षांच्या बहिणीच्या कडेवर असते. त्या मुलाचे पहिले पाऊल पाहणारी असेल तर ही बहीणच. आणि त्यासाठी तिची शाळा त्या हंगामापुरती, पुष्कळदा कायमची, सुटलेली असते. एका मुलाच्या संगोपनाची किंमत दुसरे मूल मोजते, ही या व्यवस्थेची क्रूर काटकसर आहे.

शहरी मध्यमवर्गाने हा प्रश्न आपल्यापुरता सोडवला आहे असे वाटते, पण तेही पूर्णांशाने खरे नाही. तेथे आजी हेच पाळणाघर झाले आहे. निवृत्तीनंतर चार दिवस निवांत काढावेत म्हटले तर साताऱ्याची आजी पुण्याला येऊन राहते आणि पुण्याची आजी सहा महिन्यांसाठी अमेरिकेला जाते. नातवंडाचा लळा खरा असतो, यात शंका नाही. पण साठी उलटलेल्या गुडघ्यांनी रांगत्या मुलामागे दिवसभर धावणे हे श्रम आहेत आणि प्रेमाच्या नावाखाली ते हिशेबातून वगळले जातात. जिथे आजी नाही, तिथे सोसायटीतील एखादी बाई आपल्या दोन खोल्यांत पाळणाघर चालवते. तिच्या प्रशिक्षणाची, मुलांच्या संख्येची किंवा सुरक्षिततेची चौकशी आई-बाप आपल्या परीने करतात तेवढीच.

कोसबाडचा धडा

यावरील उपाय परदेशातून आणण्याची गरज नाही. तो आपल्याच भूमीत, आजच्या पालघर जिल्ह्यात, अनेक दशकांपूर्वी शोधला गेला होता. १९२६ मध्ये नूतन बालशिक्षण संघाच्या कामात उतरलेल्या ताराबाई मोडक यांनी १९४५ मध्ये बोर्डीला आणि १९५७ पासून कोसबाडच्या टेकडीवर अनुताई वाघ यांच्यासह आदिवासी मुलांसाठी काम केले. मुले शाळेत का येत नाहीत, याचे उत्तर त्यांनी मुलांच्या घरी जाऊन शोधले. मोठी मुले गुरे राखत होती आणि मुली धाकट्या भावंडांना सांभाळत होत्या. तेव्हा गुराख्यांसाठी कुरणावर शाळा गेली, बालवाडी पाड्यावरच्या अंगणात भरली आणि ‘विकासवाडी’त पाळणाघर, बालवाडी व प्राथमिक शाळा एकाच आवारात आली. बहिणीने कडेवरचे भावंड पाळण्यात ठेवावे आणि पलीकडच्या वर्गात जाऊन बसावे, इतकी ही योजना सरळ होती.

२ ऑक्टोबर १९७५ रोजी एकात्मिक बालविकास सेवा योजना सुरू झाली आणि अंगणवाडी देशभर पोहोचली. अंगणात भरणारी बालवाडी ही कल्पना तिने उचलली, पाळणा मात्र मागेच राहिला. २०२२ मध्ये ‘पालना’ योजनेद्वारे अंगणवाडीला जोडून पाळणाघर काढण्याचे केंद्र सरकारने ठरवले, ही स्वागतार्ह गोष्ट होय. परंतु देशातील सुमारे चौदा लाख अंगणवाड्यांपुढे अशा पाळणाघरांचे जाहीर झालेले लक्ष्य सतरा हजारांचे आहे. समुद्रात टाकलेली ही खसखसच म्हणावी लागेल.

यावर पहिला आक्षेप खर्चाचा असतो. अंगणवाडी सेविकेच्या गळ्यात आधीच शिधावाटप, वजनमापे, नोंदवह्या आणि भ्रमणध्वनीवरील माहिती भरण्याचे काम आहे. तिला वेतन नव्हे, मानधन मिळते. याच मानधनात तान्ही मुलेही सांभाळण्यास तिला सांगणे हा अन्याय ठरेल. पाळणाघरासाठी स्वतंत्र, शिकवून तयार केलेली आणि रीतसर वेतन घेणारी स्त्री नेमली पाहिजे. मूल सांभाळणे हे मजुरीस पात्र काम आहे, हे तत्त्व आपल्याला नवे नाही. २००५ च्या ग्रामीण रोजगार हमी कायद्यात, कामावर सहा वर्षांखालील पाच किंवा अधिक मुले आली तर त्यांना सांभाळण्यासाठी एका स्त्रीला नेमून तिला मजुरी द्यावी, अशी तरतूद होती. ती कागदावरून फारशी खाली उतरली नाही, हा दोष तत्त्वाचा नाही.

दुसरा आक्षेप अधिक खोल आहे. मूल सांभाळणे हे आईचे काम, त्यात शासनाने किंवा मालकाने का पडावे, असे तो विचारतो. कायदाही दीर्घकाळ याच समजुतीने चालला. १९४८ च्या कारखाने कायद्यात पाळणाघराचा निकष स्त्री कामगारांच्या संख्येवर होता. जणू पुरुष कामगारांना मुले होतच नाहीत! २०१७ च्या दुरुस्तीने पन्नास किंवा अधिक कर्मचारी असलेल्या आस्थापनांना पाळणाघर बंधनकारक केले आणि ती गणना करताना स्त्री-पुरुष भेद ठेवला नाही. या बदलाची व्हावी तितकी चर्चा झाली नाही. बापालाही मूल असते, ही गोष्ट कायद्याने त्या दिवशी मान्य केली. मात्र रजेच्या बाबतीत बाप अजून पाहुणाच आहे. केंद्र सरकारच्या पुरुष कर्मचाऱ्याला अपत्यजन्मानंतर पंधरा दिवसांची रजा मिळते. खाजगी क्षेत्रातील बापाला ती देणे मालकाच्या मर्जीवर आहे.

महाराष्ट्राला प्रारंभ करायचा असेल तर तो साखर कारखान्यांपासून करता येईल. कोणता कोयता कोणत्या कारखान्याकडे जाणार हे उचल घेतानाच ठरलेले असते, हंगामाचे महिने ठाऊक असतात, तळ कोठे पडणार हेही बहुधा ठाऊक असते. ऊसतोड कामगारांसाठी गोपीनाथ मुंडे यांच्या नावाचे कल्याण महामंडळ आहे. मुकादमाच्या यादीत कोयत्यांबरोबर मुलांचीही नोंद करावी आणि प्रत्येक मोठ्या तळावर पहाटेपासून उघडे राहणारे पाळणाघर कारखान्याने व महामंडळाने मिळून चालवावे, यात अशक्य असे काहीही नाही. उसाच्या टनाटनाचा हिशेब ठेवणाऱ्या यंत्रणेला फडाच्या कडेच्या झोळ्या मोजता येणार नाहीत, हे कोणी सांगू नये. येत्या हंगामाचे करार होण्यापूर्वी हा निर्णय झाला, तर त्या झोळीतील मुलाला जमीन मिळेल आणि त्याच्या बहिणीला शाळा.