धनुष्य मुलाच्या अंगाला बसवावे

जुन्नर तालुक्यातील मढ येथून एका भगिनीचे पत्र आले आहे. त्यांच्या 14 वर्षांच्या मुलाच्या पायांत लहानपणापासून ताकद नाही. तो व्हीलचेअरवर असतो. मोबाईलवर शीतल देवीला पायाने धनुष्य धरून बाण मारताना पाहिल्यापासून त्याने तिरंदाजीचा ध्यास घेतला आहे. घरातील वडीलधारी म्हणतात, "ज्याला उभे राहता येत नाही, त्याला उगाच आशा लावू नका." आई विचारते, हे खरेच जमण्यासारखे आहे का, की मुलाची समजूत काढावी?

जमण्यासारखे आहे. त्याचा दाखला फार दूरही नाही. मढहून माळशेज घाट उतरून मुरबाडमार्गे कल्याणला गेले की शेजारीच भिवंडी आहे. तेथील आदिल मोहम्मद नझीर अन्सारी यांनी 2023 मध्ये चीनमधील हांगझोऊ येथे झालेल्या आशियाई पॅरा स्पर्धेत नवीन दलाल यांच्या जोडीने भारतासाठी कांस्यपदक मिळवले. ते ज्या 'डब्ल्यू 1' गटात खेळतात, त्या गटातील खेळाडूंच्या पायांबरोबर हातांची ताकदही कमी झालेली असते. म्हणून या गटात धनुष्याची ओढ 45 पौंडांपेक्षा जास्त ठेवता येत नाही.

तिरंदाजीत धावायचे नसते. बाणाला तीन गोष्टी लागतात: स्थिर बैठक, दर वेळी सारखीच ओढ आणि दर वेळी सारखीच सुटका. त्या कोणत्या अवयवाने साधल्या, हे बाण विचारत नाही. म्हणून चांगला प्रशिक्षक मुलाला काय जमत नाही यापेक्षा काय जमते, हे आधी पाहतो. शीतल देवीला जन्मापासून हात नाहीत. पण तिच्या पायांत ताकद आहे, हे तिच्या प्रशिक्षकांनी हेरले. ती उजव्या पायाने धनुष्य धरते, खांद्याला बांधलेल्या साधनाने दोरी ओढते आणि जबड्याच्या जोराने बाण सोडते. 2024 च्या पॅरिस पॅरालिम्पिकमध्ये तिने राकेश कुमार यांच्यासह कांस्यपदक जिंकले.

प्रत्येक अडचणीला वेगळा तोडगा असतो. बोटांत पकड नसेल, तर दोरी सोडण्याचे साधन मनगटाला बांधतात आणि धनुष्य हाताला पट्टीने अडकवतात. एकच हात चालत असेल, तर दोरीला लावलेला पट्टा दातांत धरून दुसऱ्या हाताने धनुष्य पुढे रेटतात. दृष्टी नसेल, तर हाताला स्पर्शाने नेम कळेल असे साधन लावतात. पाय कुठे ठेवायचे, याची खूण जमिनीवर असते आणि बाण कुठे लागला, हे मागे बसलेला सहायक सांगतो.

पत्रातील मुलासाठी सुरुवात खुर्चीपासून करावी लागेल. ब्रेक लावलेली खुर्ची लक्ष्याला आडवी ठेवावी. दोरी चाकाला किंवा हाताच्या टेकूला घासत असेल, तर खुर्चीचा कोन बदलावा आणि टेकू काढता येत असेल तर काढावा. धड डगमगत असेल, तर पट्ट्याचा आधार द्यावा. स्पर्धेत असा आधार किती चालतो, हे गटानुसार ठरते.

एक गोष्ट पालकांच्या लक्षात येत नाही. दिवसभर खुर्ची ढकलणारे खांदेच धनुष्यही ओढतात. उभ्या मुलाइतके बाण याच्याकडून मारून घेतले, तर खांदा दुखावेल आणि मग घरात हिंडणेही अवघड होईल. म्हणून ओढ हलकी, बाण मोजके आणि विश्रांती पुरेशी हवी. मुलाला बसल्या जागी संवेदना नसेल, तर त्याला वरचेवर हातांवर उचलून घ्यायला लावावे, नाहीतर जखम होते आणि कळतही नाही. पाठीच्या कण्याची दुखापत असेल, तर घाम नीट येत नाही. अशा मुलाला उन्हात बसवू नये.

वडीलधाऱ्यांशीही दोन शब्द बोलायचे आहेत. प्रेषित मुहम्मद (सल्ल.) यांनी तिरंदाजीला उत्तेजन दिले, हे आपण मुलांना अभिमानाने सांगतो. सूरह अबसमागचा प्रसंगही आपल्याला ठाऊक आहे. हजरत अब्दुल्लाह इब्न उम्म मक्तूम (रजि.) हे अंध सहाबी शिकण्याच्या ओढीने आले होते आणि त्यांच्याकडे दुर्लक्ष होऊ नये, अशी ताकीद थेट कुरआनात आली. शिकू पाहणाऱ्या मुलाला दारातूनच परत पाठवताना हे आठवावे.

मुलींच्या पालकांनी इराणच्या जहरा नेमाती यांचे नाव लक्षात ठेवावे. अपघातानंतर त्या व्हीलचेअरवर आल्या. हिजाब घालून त्यांनी 2012 च्या लंडन पॅरालिम्पिकमध्ये सुवर्णपदक जिंकले आणि 2016 मध्ये रिओच्या ऑलिम्पिकमध्येही त्या खेळल्या.

पदक मिळेलच, असे आम्ही म्हणणार नाही. पण ताठ बसण्याची सवय, खांद्यांतील बळ, मन एका जागी ठेवण्याची ताकद आणि घराबाहेरचे मित्र, ही कमाईही थोडी नाही.

आता काय करावे? प्रथम डॉक्टरांना किंवा फिजिओथेरपिस्टना मुलाचे खांदे आणि पाठ दाखवावी. दिव्यांग ओळखपत्र काढले नसेल तर काढावे. मात्र स्पर्धेचा गट वेगळ्या तपासणीने ठरतो, हे ध्यानात ठेवावे. पुण्याच्या जिल्हा क्रीडा अधिकारी कार्यालयात पॅरा तिरंदाजीच्या प्रशिक्षकाची चौकशी करावी. प्रशिक्षक मिळेपर्यंत घरी धनुष्य बनवून बाण मारू देऊ नयेत. गल्लीत सुटलेला बाण कोणाच्या डोळ्यात जाईल, सांगता येत नाही. माळशेजच्या पावसात घराबाहेर पडणे तसेही कठीण असते. ते दिवस पडवीत बसून रबरी पट्टा ओढण्यात घालवावेत. पाठ सरळ, खांदे खाली, ओढ हनुवटीपर्यंत, तीनपर्यंत मोजायचे आणि सावकाश सोडायचे. डॉक्टरांनी हरकत घेतली नाही, तर रोज दहा वेळा पुरे.