पंधरा मिनिटांचा ऑक्सिजन

बीड जिल्ह्यातल्या आमच्या चकलांब्यात कापूस वेचणीला आला की माझं डोकं उठतं. दसऱ्याच्या पुढंमागं सुरू होतं, दीड-दोन महिने जवळपास रोज येतं आणि मग थांबतं ते थेट पुढच्या हंगामापर्यंत. वेळसुद्धा ठरलेली. झोप लागून तास-दीड तास झाला की उजव्या डोळ्याच्या मागून कळ निघते आणि पाच-दहा मिनिटांत असह्य होते. उजवा डोळा लाल होऊन गळू लागतो, पापणी खाली उतरते, उजवीच नाकपुडी चोंदते. डाव्या बाजूला काहीही होत नाही. अंथरुणावर पडून राहणं अशक्य होतं. मी अंगणात येरझाऱ्या घालतो, कपाळ भिंतीवर दाबून धरतो, पुन्हा चालू लागतो. तासाभरानं कळ ओसरते. सकाळी मी चारचौघांसारखा शेतात असतो आणि रात्री हा माणूस ओरडत होता हे कुणाला पटत नाही.

या आजाराला क्लस्टर हेडेक म्हणतात. जगभरात हजारात साधारण एकाला तो होतो. बायकांपेक्षा पुरुषांत जास्त दिसतो आणि बहुधा विशी ते चाळिशीच्या दरम्यान सुरू होतो. २०११ च्या जनगणनेत बीड जिल्ह्याची लोकसंख्या २५ लाख ८५ हजार होती. हजारी एक हेच प्रमाण इथं धरलं तर आपल्या जिल्ह्यात अडीच हजारांवर माणसं रात्री-अपरात्री अशी अंगणात फिरत असणार. त्यातल्या फार थोड्यांना आपल्या दुखण्याचं नाव ठाऊक असेल असं मला वाटतं. आज लिहितोय ते त्यांच्यासाठी.

दुखतं किती, हे सांगायला माझे शब्द अपुरे पडतात. एका आंतरराष्ट्रीय पाहणीत सोळाशेवर रुग्णांना वेगवेगळ्या वेदनांना दहापैकी गुण द्यायला सांगितले होते. त्यांनी क्लस्टरला सरासरी ९.७ दिले. त्याखालोखाल बाळंतपणाच्या कळा होत्या, ७.२. मूतखडा त्याच्याही खाली. बाळंत झालेल्या बायकांनाही यात विचारलं होतं, म्हणून हे आकडे मला महत्त्वाचे वाटतात.

गावाकडं अर्धं डोकं दुखलं की ती अर्धशिशी, आणि ती उतरवणारा माणूस पंचक्रोशीत कुठं ना कुठं असतोच. सूर्य उगवायच्या आत उपाशीपोटी जायचं, तो मंत्र म्हणतो. कुणी सुंठ उगाळून लावतं, कुणी कपाळाला बिब्बा लावून कातडी भाजून घेतं. एका दवाखान्यात मला सायनस म्हणून अँटिबायोटिक दिली गेली, दुसरीकडं दाढेचं दुखणं ठरलं आणि चांगली दाढ निघाली. असं हजारोंचं होतं, जगभर होतं. या आजारात एक मोठी फसगत आहे. एकेक झटका पंधरा मिनिटं ते तीन तासांत आपोआप थांबतो आणि झटक्यांचा हंगामही आठवड्यांनी किंवा महिन्यांनी आपोआप संपतो. त्यामुळं त्या वेळी जो उपाय चालू असेल त्याला यश मिळाल्यासारखं दिसतं. मंत्रवाल्यालाही दिसतं, गोळी देणाऱ्यालाही. पुढच्या वर्षी दुखणं परत आलं की रोग्यालाच विचारतात, पथ्य मोडलं का?

मायग्रेन वेगळा आणि हे वेगळं. मायग्रेनच्या माणसाला अंधारी खोली हवी असते, तो हालचाल टाळतो, त्याचं दुखणं चार तासांपासून तीन दिवसांपर्यंत चालतं. क्लस्टरच्या माणसाला एका जागी थांबताच येत नाही. माझी माय दारात बसून असायची. "आरं, एका जागी बस की बाबा, डोकं दाबून देते," म्हणायची. मला बसता यायचं नाही आणि तिला ते बघवायचं नाही. पुढं छत्रपती संभाजीनगरच्या एका मेंदूविकारतज्ज्ञानं नेमकं हेच विचारलं, "दुखताना तुम्ही काय करता? पडून राहता की फिरता?" कोणती बाजू, किती वेळ, रात्री किती वाजता, डोळ्यातून पाणी येतं का? या प्रश्नांतच निदान होतं. एमआरआयही करायला लावला, कारण क्वचित पिट्यूटरी ग्रंथीजवळची गाठ हुबेहूब असंच दुखणं देते. घरच्यांनी म्हणूनच रोग्याबरोबर दवाखान्यात जावं. रोग्याला त्या वेळचं धड आठवत नाही, बघणाऱ्याला आठवतं. आताच्या मोबाइलमध्ये एका झटक्याचं चित्रीकरण करून दाखवलं तर डॉक्टरांचं काम आणखी सोपं होतं.

हे दुखणं घड्याळ लावल्यासारखं का येतं, याचा बराचसा उलगडा १९९८ मध्ये झाला. लंडनमध्ये आर्ने मे आणि पीटर गोड्सबी यांनी झटका चालू असताना रुग्णांच्या मेंदूचं स्कॅनिंग केलं, तेव्हा हायपोथॅलॅमसचा भाग जागा झालेला दिसला. झोप-जागेपणाचं आणि ऋतूंप्रमाणं बदलणारं शरीराचं घड्याळ याच भागात आहे. अमेरिकेच्या मेयो क्लिनिकमधले बेयार्ड हॉर्टन यांनी १९३९ मध्ये या आजाराचं सविस्तर वर्णन केलं होतं, पण दोष हिस्टामिनला दिला होता.

घड्याळाचं हे कळलं की निमित्तांकडं बघण्याची नजर बदलते. दारूचा एक घोट हंगामात तासाभराच्या आत झटका आणू शकतो. तोच घोट हंगाम नसताना काही करत नाही. म्हणजे दारू हे निमित्त झालं, आजाराचं मूळ नव्हे. "पितो म्हणून दुखतं" हा गावाचा निवाडा मी खूप ऐकला आहे आणि तो चूक आहे. हंगाम चालू असेपर्यंत मात्र थेंबही नको, यात तडजोड नाही. दुपारची झोप मी त्या दिवसांत टाळतो, कारण डुलकीतून उठताना कळ घेऊनच उठतो. पेट्रोल, रंग, थिनर, उग्र अत्तर यांचे वास अनेकांना बाधतात. आमच्याकडं त्यात फवारणीच्या औषधाची भर पडते, त्या आठवड्यांत मी पंपाला हात लावत नाही. ऊन आणि अंगाची तलखी हेही काहींना निमित्त होतं. हृदयरोग्यांना जिभेखाली ठेवायला देतात त्या सॉर्बिट्रेटसारख्या गोळ्यांनी झटका येऊ शकतो. तशी गोळी चालू असेल तर डॉक्टरांना सांगावं, आपल्या मनानं बंद करू नये. विडी-सिगारेट ओढणारे या रुग्णांत पुष्कळ सापडतात. ती सोडल्यानं हे दुखणं जाईलच असं नाही, पण सोडायला दुसरी शंभर कारणं आहेत.

प्रत्येकाचं निमित्त वेगळं, ते वहीत लिहूनच कळतं. तारीख, वेळ, किती मिनिटं, आधी काय खाल्लं-प्यायलं, झोप किती झाली, एवढं पुरे. मुंबईचे डोकेदुखीतज्ज्ञ डॉ. के. रविशंकर यांनी २००६ मध्ये ९४ भारतीय रुग्णांच्या निरीक्षणावरून मांडलं की डोक्यावरून न्हाण्यानं मायग्रेन उठू शकतो. आपल्या बायका हे केव्हापासून सांगत होत्या. ते दुखणं निराळं असलं तरी धडा आपल्याला लागू आहे. परदेशी पुस्तकातली निमित्तांची यादी अर्धी, उरलेली आपल्या घरात शोधायची.

सगळ्यात जास्त काळजी मला वाटते ती ऊसतोडीला जाणाऱ्यांची. आमच्या भागातून दिवाळीच्या आगेमागे टोळ्या निघतात, कारखान्याच्या पट्ट्यात कोप्या पडतात. पहाटे फडात, रात्री-बेरात्री गाडी भरायला उठायचं. झोपेचा मेळ राहत नाही, आणि या आजाराला नेमकं तेच झेपत नाही. एक दिवस बसलं तर खाडा पडतो, उचलीतून पैसे कापले जातात. अशा माणसाला रात्री दीड वाजता हा झटका आला तर तो वेदनाशामक गोळ्यांची पाकिटं फोडत राहतो. त्या गोळ्या पोटातून रक्तात जाईपर्यंत झटका संपत आलेला असतो, मूत्रपिंडावर भार तेवढा पडतो.

खरं औषध आहे ते ऑक्सिजन. शंभर टक्के शुद्ध ऑक्सिजन, पिशवी असलेल्या मास्कमधून, मिनिटाला १२ ते १५ लिटर या वेगानं, पंधरा-वीस मिनिटं. बसून, थोडं पुढं झुकून घ्यायचा. २००९ मध्ये इंग्लंडमधल्या एका चाचणीचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. ऑक्सिजन दिला तेव्हा ७८ टक्के झटक्यांत पंधरा मिनिटांत दुखणं थांबलं किंवा पुरेसं उतरलं, साधी हवा दिली तेव्हा फक्त २० टक्क्यांत. मी पहिल्यांदा घेतला तेव्हा दहाव्या-बाराव्या मिनिटाला कळ सुटली आणि मी रडलो.

पण तो मिळवताना झगडावं लागतं. बोटाला ऑक्सिमीटर लावतात, ९८ येतात, आणि उत्तर मिळतं, "तुमचा ऑक्सिजन चांगला आहे, तुम्हाला गरज नाही." इथं तो कमतरता भरून काढायला द्यायचा नसतो. इथं तो औषध म्हणून द्यायचा असतो, रक्तातलं प्रमाण कितीही असो. नाकात नळी घालून दोन-चार लिटर दिला तर उपयोग होत नाही. करोनात घरोघरी आलेले कॉन्सन्ट्रेटरही बहुतेक अपुरे पडतात, त्यांचा वेग पाच-दहा लिटरच्या पुढं जात नाही. सिलिंडरच लागतो, तोही वैद्यकीय, वेल्डिंगच्या दुकानातला नव्हे. जवळ विडी, चूल, देवाचा दिवा काही पेटतं नको. जुना दम्याचा किंवा फुप्फुसाचा विकार असेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय घेऊ नये.

बाकी औषधं थोडक्यात. सुमाट्रिप्टानचं इंजेक्शन झटका लवकर थांबवतं, हृदयविकार असलेल्यांना ते चालत नाही. हंगाम सुरू होताच व्हेरापामिल देतात, ते वाढवताना ईसीजी काढावा लागतो. त्याचा परिणाम दिसेपर्यंत थोडे दिवस स्टेरॉइड, किंवा मानेच्या वरच्या बाजूला मज्जातंतूजवळ इंजेक्शन. सगळं तज्ज्ञाच्या देखरेखीखाली. आणि डोकं आयुष्यात पहिल्यांदाच एकाएकी फुटल्यासारखं दुखलं, ताप आला, मान आखडली, हातपाय लुळे पडले किंवा दिसेनासं झालं, तर ते क्लस्टर समजून घरी थांबू नका, लगेच मोठा दवाखाना गाठा.

या दुखण्यात जीव नकोसा होतो हे मी लपवणार नाही. आपल्या घरात कुणी असं बोलून दाखवलं तर त्याला एकटं सोडू नका. १४४१६ हा टेलिमानसचा सरकारी क्रमांक आहे, रात्रीही लागतो.

आता एक विनंती. प्राथमिक आरोग्य केंद्रात ऑक्सिजनचा सिलिंडर असतो, २०१४ पासून आपल्याकडं फिरणाऱ्या १०८ च्या गाडीतही असतो. रुग्णांनी तज्ज्ञाकडून चिठ्ठी लिहून घ्यावी: आजाराचं नाव, ऑक्सिजनचा वेग, मास्कचा प्रकार, किती मिनिटं. तिची एक प्रत खिशात, एक आपल्या आरोग्य केंद्रात द्यावी. ऊसतोडीला निघताना ती मुकादमालाही दाखवून ठेवावी. आणि केंद्रांवरच्या डॉक्टरांना, सिस्टरांना माझं सांगणं एवढंच की, रात्री दोन वाजता एक डोळा लाल झालेला, एका जागी उभा न राहणारा माणूस दारात आला तर त्याला दारू प्यायलेला समजू नका. मास्क लावा, १५ लिटरवर सोडा आणि पंधरा मिनिटं थांबा.